बायोडेटातला रक्तगट

येरवडा, पुणे

विहीणबाई,
सप्रेम जय भीम.

आम्रपालीच्या बायोडेटात रक्तगट 'बी पॉझिटिव्ह' असा मी लिहिला. ती बी निगेटिव्ह आहे. याच कारणावरून आधीची दोन स्थळं परत गेली होती. गरोदरपणात वेळेवर इंजेक्शन घेतलं की बाळाला धोका राहत नाही, हे बी.एस्सी. झालेल्या मला ठाऊक होतं. ते लोकांना समजावण्याऐवजी मी एक शब्द बदलला.

लग्नाआधी ती दर चौदा एप्रिलच्या शिबिरात रक्त द्यायची. हिंजवडीला तुमच्याकडे आल्यावर थांबली, कारण रक्तदात्याच्या कार्डावर गट छापलेला असतो. यंदा एका बाळंतिणीसाठी रक्तपेढीचा फोन आला, तेव्हाही तिने तापाचं खोटं कारण सांगितलं. तुम्ही मला म्हणालात, "रक्तदानाचं नाव काढलं की ताप येतो हो तुमच्या लेकीला!" मीही हसले.

आता तिला दिवस गेलेत आणि दवाखान्याचा रिपोर्ट तुम्ही वाचलात. तेव्हापासून तुम्ही तिच्याशी बोलत नाही. काल तिचा फोन आला. "आई, तो गट मीच लिहिला, असं सांगितलंय मी त्यांना. तू मध्ये पडू नकोस."

माझा दोष अंगावर घेतला म्हणून तिला रागवायला हवं होतं. मी नुसतं "बरं" म्हणाले, आणि एवढं लिहूनही पाकिटावर तुमचा पत्ता घातलेला नाही.

आपली,
कुसुम ओव्हाळ