यादीतलं शेवटचं नाव

प्रिय ताई,

बाबा इथे परदेशात छान रमलेत, असं तुला कळवलं होतं. साफ खोटं. आठवडाभर मी कारखान्यात पॅकिंग करते, उरलेला जीव पोरांच्या डब्यांत जातो आणि रविवारी इथल्या मराठी मंडळातर्फे एकट्या म्हाताऱ्यांना फोन करते. बाबा त्याला लष्कराच्या भाकऱ्या म्हणतात.

काल मंडळाच्या यादीत शेवटचं नाव बाबांचं होतं. त्यांनीच नोंदवलेलं. मी नंबर लावला. पलीकडच्या खोलीत फोन वाजला.

"बाबा, येते तिकडे."

"नको, बस तिथेच. समोर आलीस की तुला कामं आठवतात."

वीस मिनिटं बोललो. ठेवताना त्यांनी विचारलं, "पुढच्या रविवारी कराल ना, बाई?"

हे तुला कसं पाठवू?

तुझी धाकटी