नातीच्या कागदातून कापलेल्या शब्दाबाबत

प्रति,
माननीय नोंदणी अधिकारी,
हृदय शस्त्रक्रिया कक्ष,
मुलांचे रुग्णालय, दुसरा मजला.

विषय : मी कापून टाकलेला शब्द कागदावर परत लिहून मिळण्याबाबत.
संदर्भ : खिडकी क्रमांक चारवरून तीनदा परत आलेला कागद.

महोदय,

वरील विषयास अनुसरून अर्ज करते की, माझी नात, वय वर्षे सहा, घरी तिला ठकी म्हणतात, हिच्या हृदयाला भोक आहे. एकोणीस तारखेला ऑपरेशन ठरलेलं आहे. आज अकरा झाली.

१) मी चौथी पास आहे. कपबश्यांच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर एकतीस वर्षं काढली. मला इंग्रजी येत नाही, एक शब्द सोडून. डिफेक्ट. तो आमच्या लाल चिठ्ठीवर छापलेला असे. कपाला केसाएवढी चीर दिसली, बूड वाकडं निघालं, की मी चिठ्ठी लावायची. चिठ्ठी लागलेला माल संध्याकाळी पिंपात फोडत. कुणी मागितला तरी घरी न्यायला देत नसत. माझी चिठ्ठी मॅनेजरनेसुद्धा कधी काढली नाही. त्याची तेवढी छाती नव्हती.

२) आपल्या डॉक्टरांनी दिलेला कागद सुनेने आणून टेबलावर ठेवला. त्यावर ठकीच्या नावाखाली तोच शब्द. अक्षरं मी लांबूनही ओळखते. त्याचा अर्थ डॉक्टरांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल, पण वापर मी एकतीस वर्षं केलेला आहे. सून आंघोळीला गेली तेवढ्यात मी शिवणाची कात्री घेतली आणि तो शब्द कापला. बाकीच्या एकाही अक्षराला धक्का लावला नाही. तुकडा गॅसवर जाळला. हे मला कुणी शिकवलेलं नाही.

३) खिडकीवरच्या साहेबांनी कागद उजेडाला धरला आणि म्हणाले, "आजीबाई, या कागदाप्रमाणे मुलगी ठणठणीत आहे. ऑपरेशन कशाचं करायचं?" मी म्हटलं, "तिला एक जिना चढायला लावा, मग कागद वाचा." रांगेतले हसले. दुसऱ्या खेपेला कळलं की, डॉक्टर नवा कागद आपल्या लेखी हुकमाशिवाय देत नाहीत. तिसऱ्या खेपेला कळलं की, जुना कागद धड असल्याशिवाय आपला हुकूम निघत नाही. साहेबांनी नियम मला दोनदा वाचून दाखवला. मला तो पहिल्यांदाच समजला होता.

४) सून ओरडली नाही. "आई, त्या एका शब्दावरच तर तारीख मिळाली होती," एवढं म्हणाली आणि भाजी चिरायला बसली. तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते. मुलगा तेवढंही बोलत नाही. आमच्या घरात माझ्या शब्दापुढे कुणी गेलेलं नाही. आता स्वयंपाक काय करायचा हेही मला कुणी विचारत नाही. याबद्दल तक्रार नाही. माहितीसाठी लिहिलं.

५) ठकी जिना मध्ये मध्ये बसत चढते. ओठ जांभळे पडतात. बसल्यावर मलाच म्हणते, "आजी, तू दमलीस ना? बस जरा." मी बसते. आपल्या दोन मजल्यांना आम्हाला चार वेळा बसावं लागलं. लोक बाजूने जात होते.

६) चूक माझी आहे. मी आजवर हे कुणाला लिहून दिलेलं नाही, आपल्याला देते. त्याबद्दल काय दंड असेल तो मला व्हावा. मुलीची तारीख हलवू नये. पुढची तारीख पाच महिन्यांनी मिळेल असं साहेब म्हणाले. पाच महिने म्हणताना त्यांनी मान वर केली नाही.

तरी डॉक्टरांना हुकूम द्यावा आणि कागद नवा करावा. शब्द तोच लिहावा. मोठ्या अक्षरांत लिहिला तरी माझी हरकत नाही. कागद तयार झाल्यावर तो माझ्या हातात देऊ नये, सुनेच्या हातात द्यावा. मी खाली फाटकापाशी थांबेन.

उत्तर येईपर्यंत आपली वाट बघणारी,
(सही)
ठकीची आजी
निवृत्त तपासनीस, कपबशी विभाग

दिनांक : ११ फेब्रुवारी

सोबत : १) कापलेला कागद.
२) एकोणीस तारखेची चिठ्ठी. ही मूळ प्रत आहे, कृपया परत करावी.