पंधरा सेंटिमीटरचं भिंग

प्रिय फ्यूज,

परवा तू फोन आपटलास. तुझ्या त्या गुळगुळीत फोनवर आपटण्यासारखं काही नसतं म्हणा, नुसतं बोट टेकवलं असशील, पण मला इकडे आपटल्यासारखाच ऐकू आला. त्याआधी तू एक वाक्य बोललास आणि उत्तराला जागाच ठेवली नाहीस. ‘सर, हे मी तुमच्याकडूनच शिकलोय.’ दोन दिवस झाले, ते वाक्य काट्यासारखं घशात अडकलं आहे. रागावलो की माझं त-त-प-प होतं, हे तुला ठाऊक आहे. वर्गात राग आला की मी फळ्याकडे तोंड करून उभा राहायचो आणि तुम्ही गाढवं मागे खुदुखुदु हसायचात. म्हणून लिहितो आहे. आता पूर्ण ऐकून घ्यायचं, मधे बोलायचं नाही.

प्रात्यक्षिक परीक्षेत काय झालं ते तुला पालकांनी सांगितलं, म्हणजे तिखटमीठ लावूनच सांगितलं असणार. मी तिथे होतो. बाहेरून आलेल्या परीक्षक बाई तरुण होत्या, आवाज असा हळू की पहिल्या बाकालाही कान टवकारावे लागत होते. प्रयोग अगदी साधा, बहिर्वक्र भिंगाचं नाभीय अंतर काढायचा. मेणबत्ती, भिंग, पडदा, मोजपट्टी. एकतीस मुलं. दीड तासात उत्तरपत्रिका जमा झाल्या आणि बाई त्या चाळायला लागल्या. पाचव्या-सहाव्या पत्रिकेपाशी त्यांचा हात थांबला. मग त्यांनी सगळ्या पत्रिका लांब टेबलावर ओळीने मांडल्या, पत्त्यांचा डाव मांडावा तशा. सत्तावीस पत्रिकांमध्ये पहिलं रीडिंग एकच. मेणबत्ती भिंगापासून पंधरा सेंटिमीटरवर, पडदा तीसवर. दुसरं, वीस आणि वीस. तिसरं, तीस आणि पंधरा. नाभीय अंतर दहा. शेरा सगळ्यांचा एकच, त्यात ‘काळजीपूर्वक’ हा शब्दही सत्तावीस वेळा, आणि सत्तावीस वेळा त्यातली वेलांटी चुकीची.

बाईंनी टेबलावरचं एक भिंग उचललं, खिडकीपाशी गेल्या, आणि समोरच्या भिंतीवर बाहेरच्या पाण्याच्या टाकीचं उलटं चित्र पाडलं. पट्टी लावली. पंधरा. दुसरं भिंग, पंधरा. सगळीच पंधराची. मग त्या पहिल्या बाकावरच्या मुलीकडे वळल्या आणि म्हणाल्या, ‘बाळ, तुझं पहिलं रीडिंग जरा दाखवतेस का?’ मुलीने मेणबत्ती पंधरावर ठेवली. पडदा तीसवर नेला. पडद्यावर नुसता उजेडाचा गोळा. तिने पडदा मागे नेला, पुढे आणला, पुन्हा मागे नेला. ज्योत उमटेना. उमटणार कशी? पंधराच्या भिंगासमोर पंधरावर ठेवलेल्या मेणबत्तीचं चित्र जगातल्या कुठल्याही पडद्यावर पडत नाही. हे तिला माहीत नव्हतं. आठ प्रयोगांची रीडिंगं तिला तोंडपाठ होती, पण भिंगाला तिने त्या दिवशी पहिल्यांदा हात लावला होता. सहा-सात मिनिटं ती पडदा सरकवत राहिली. मी कपाटाला टेकून उभा होतो आणि मला वाटत होतं, कुणीतरी हिला सांगा रे, थांब म्हणून. सांगायचं काम माझंच होतं. मी सांगितलं नाही.

फोनवर तू म्हणालास, मी सापळा लावला, तुझी जिरवायला मुद्दाम भिंगं बदलली. अरे शहाण्या, जुन्या भिंगांवर बुरशी चढली होती, दुकानदाराकडे दहाची नव्हती, म्हणून पंधराची आणली. वर्ग सुरू झाला त्या पहिल्याच आठवड्यात मी हे मुलांना सांगितलं. ऐकायला चारजण होते. बाकीचे तुझ्या क्लासच्या थंडगार खोलीत बसून तुझ्या पिवळ्या पुस्तिकेतून ‘प्रयोग’ उतरवून घेत होते. त्या चारजणांची उत्तरं काय आली सांगू? चौदा पूर्णांक सहा, पंधरा पूर्णांक तीन, पंधरा पूर्णांक एक आणि एकाचं तेरा पूर्णांक नऊ, कारण त्याची मेणबत्ती कललेली होती. बाईंनी त्या तेरा पूर्णांक नऊवाल्याची पाठ थोपटली.

तुझी पुस्तिका मी आणून वाचली. छपाई सुरेख. मुखपृष्ठावर ‘तीसपैकी तीस, हमखास’. आतमध्ये रीडिंगं, आलेख, खबरदारी, शेरा, सगळं शिजवून, चावून, फक्त गिळायचं बाकी. नक्कल दिसू नये म्हणून तू भिंगाचा सोडून प्रत्येक तक्त्यात एखादं रीडिंग थोडं हलवूनही ठेवलं आहेस. ते पाहिलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढी अक्कल आणि ती इथे लावलीस? नववीत शाळेचा फ्यूज उडवून अख्ख्या इमारतीला अंधारात बसवणारा तू. हेडमास्तरांसमोर उभं केलं तर रडण्याऐवजी ‘पण सर, तार कुठल्या जागी वितळली ते बघू द्या’ म्हणणारा. अकरावीत चार दिवस तुझं उत्तर दोन मिलिमीटरने चुकत होतं, सगळे घरी गेले, तू पट्टी डोळ्यापाशी धरून बसलास आणि शोधून काढलंस की पट्टीचं शून्याचं टोकच झिजलेलं आहे. त्या दिवशी मी घरी जाऊन बायकोला म्हणालो होतो की एवढ्या वर्षांत एक तरी मिळाला. ती हसली होती. आता ती नाही, बरंच आहे. तिला तुझी पुस्तिका दाखवावी लागली असती.

क्लास काढल्याबद्दल माझी तक्रार नाही. तुझ्यावर घराची जबाबदारी पडली, पुढे शिकता आलं नाही, पोट हातावर होतं. तुझ्या पहिल्या सहा मुलांना तुझ्याकडे मीच पाठवलं होतं. गणितं घे, सिद्धता घे, घोकून घे, काहीही घे. पण ज्या एका ठिकाणी पोराला कुणी सांगितलेलं खरं मानायची गरज नसते, स्वतःच्या डोळ्यांनी बघता येतं, तेवढी एक खोली तू त्यांच्याकडून काढून घेतलीस.

पहिल्या बाकावरची ती मुलगी माझी नात आहे. तिला मी गुण द्यायचे नाहीत हे आधीच लेखी कळवलं होतं, म्हणून कपाटापाशी उभा होतो. ती तुझ्या क्लासला येते हे मला घरात कुणी सांगितलं नव्हतं. सूनबाईंनी परस्पर नाव घातलं. प्रयोगाच्या तासाला ती येत नसे, तेव्हा मैत्रिणीकडे अभ्यासाला जाते, अशी माझी समजूत होती. आजोबा पदार्थविज्ञान शिकवणारे आणि नात त्याच विषयासाठी चोरून दुसरीकडे! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. गैरप्रकाराच्या अहवालावर परीक्षक बाईंबरोबर माझीही सही लागणार होती. मी केली. सत्तावीस नावं होती, सत्ताविसांच्या खाली केली. त्या दिवसापासून सूनबाई मला वाढतात, पण पानाकडे बघून. मुलगा एवढंच म्हणाला, ‘बाबा, एक नाव गाळता आलं नसतं?’ आणि नात खोलीतून बाहेर येईना.

आता तुझं ते वाक्य. तू कुठला दिवस म्हणतो आहेस ते मला पहिल्या शब्दालाच कळलं. तुझी बारावीची प्रात्यक्षिक परीक्षा. तुला मीटर ब्रिजवर एका तारेच्या वेटोळ्याचा रोध काढायचा होता. तुझं उत्तर येत होतं सहा पूर्णांक तीन ओहम. वेटोळ्यावर चिकटवलेल्या चिठ्ठीवर लिहिलं होतं पाच. तू तीनदा केलंस, तीनदा सहा पूर्णांक तीन. वीस मिनिटं उरली होती, तुझ्या कपाळावर घाम होता, आणि मी मागून जाताना तुझ्या कानात म्हणालो, ‘पाचच्या आसपास आण आणि सुटका करून घे.’ तू माझ्याकडे बघितलंस. मग खाडाखोड केलीस. तुला तीसपैकी एकोणतीस मिळाले.

पण तुला ठाऊक नाही ते पुढेच आहे. दुसऱ्या दिवशी मला चैन पडेना म्हणून मी ते वेटोळं पुन्हा मोजलं. सहा पूर्णांक तीन. चिठ्ठीच चुकीची होती. उन्हाळ्यात सामान आवरताना दोन वेटोळ्यांच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली होती. तू बरोबर होतास. तिन्ही वेळा. मी चिठ्ठी बदलली आणि तुला सांगितलं नाही. आधी वाटलं, निकाल लागू दे. मग वाटलं, आता कशाला. बावीस वर्षं हे ‘आता कशाला’ चाललं आहे. तेव्हा फोनवर तू जे बोललास ते खरं आहे. माझा एवढा भडका उडाला तो त्यामुळेच. खोट्याचा एवढा राग येत नाही रे. पण एक लक्षात ठेव. मी तुला एकदा चुकायला लावलं, तू वर्षाला दीडशे पोरांना लावतोस, आणि वर ते छापून विकतोस.

बुधवारी परीक्षा मंडळाच्या चौकशीला गेलो होतो. टेबलापलीकडे तिघं. परीक्षक बाईंनी मुलांच्या जर्नलचा गठ्ठा पुढे ठेवला आणि त्याच हळू आवाजात म्हणाल्या, ‘सर, यातल्या प्रत्येक पानावर प्रयोग तपासल्याची तुमची सही आहे.’ होती. नऊ वर्षांपासून मी न बघता सह्या करतो आहे. मुलं यायची बंद झाली, मी भांडलो, दमलो, मग गठ्ठे यायचे आणि मी पेन उघडायचो. ते सगळं मी तिथे लिहून दिलं. म्हणालो, मुलांनी जे पाहिलं नाही ते आम्ही पाहिलं म्हणून लिहून दिलं, तेव्हा आधी मला शिक्षा करा. त्यांनी केली. परीक्षक म्हणून मला कायमचं बाद केलं, आणि शाळेने येत्या महिन्यातला माझा निरोप समारंभ गुपचूप रद्द केला. बरं झालं, एक भाषण वाचलं. मुलांना मात्र फेरपरीक्षा मिळाली. अट एवढीच, आठही प्रयोग प्रत्येकाने स्वतःच्या हाताने करायचे, अठरा दिवसांत. पुस्तिका कुणाची हे त्यांनी मला तीनदा विचारलं. वर तुझं नाव नाही, छापखान्याचंही नाही, हुशार आहेस. मी सांगितलं नाही. ते तुझ्या तोंडून यायला हवं.

काल संध्याकाळी नात बाहेर आली. माझ्याशी बोलायचं नाही असं ठरवलेलं असावं, कारण ती भिंतीकडे बघून बोलली. म्हणाली, ‘पंधरावर दिसत नाही, मग सोळावर दिसेल का?’ मी शाळेतून एक भिंग आणलेलं होतं. खिडक्या लावल्या, मेणबत्ती सोळावर ठेवली आणि तिच्या हातात एक पांढरा पुठ्ठा दिला. ती मागे सरकत गेली. खुर्ची ओलांडली, पलंग ओलांडला, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला पाय लागला आणि दोन मीटर चाळीसच्या जवळपास पुठ्ठ्यावर ज्योत आली, वीतभर, फिकट, उलटी. सूनबाई हातातला झारा तसाच धरून बघत राहिल्या. मग पोरीने मेणबत्ती सतरावर ठेवली. मग अठरावर. जेवण थंड झालं, पण कुणी ओरडलं नाही.

राग गेलेला नाही, अशी गैरसमजूत करून घेऊ नकोस. पण हे पत्र शिव्या द्यायला लिहिलेलं नाही, तेवढ्याला पोस्टकार्ड पुरलं असतं. सत्तावीस मुलं, आठ प्रयोग, अठरा दिवस, आणि मी एकटा. गुडघे असे की टेबलाखाली वाकलो तर उठवायला माणूस लागतो. मला दुसरा माणूस हवा आहे, आणि या कामात मला माहीत असलेला सगळ्यात चांगला माणूस, दुर्दैवाने, तू आहेस. सोमवारी सकाळी साडेसातला प्रयोगशाळा उघडतो. येशील तेव्हा मुलांसमोर उभा राहून आधी सांगायचं की ती पुस्तिका तुझी, आणि त्यातलं एकही रीडिंग तू घेतलेलं नाहीस. तुझ्या शेजारी उभा राहून माझं सहा पूर्णांक तीन मी सांगेन. मग बाह्या वर कर. तारा सोडवायच्या आहेत, टोकं घासायची आहेत, बरंच काम आहे. नाही आलास तर मी सुरुवात करेनच, पण या पत्राला उत्तर लिहू नकोस. उत्तर नको आहे मला. तू हवा आहेस.

कितीही चिडलो तरी तुझाच,
सर