ग्रेट बेल्चिंगचं बारसं

२ जुलै, मंगळवार
आजपासून रोजनिशी नियमित. मागच्या तीन वह्यांसारखं नाही.

प्रॉसरबाईंच्या सफरचंदाच्या बागेतल्या कॅराव्हॅनमध्ये मुक्काम. आठवडा सातवा. आलो होतो दोन दिवसांसाठी. भाडं नाही, त्याबदल्यात कुंपण दुरुस्त करून द्यायचं. उद्या सुरू करतो.

गावाचं नाव ग्रेट बेल्चिंग, म्हणजे ढेकर बुद्रुक. ओढ्यापलीकडे लिटल बेल्चिंग. ढेकर खुर्द. तिथे अकरा घरं. हा पत्ता सांगत माणसं पिढ्यान्‌पिढ्या जगली आणि कुणाला काही वाटलं नाही. रविवारी मोटारी थांबतात, पाहुणे पाटीखाली पोट धरून फोटो काढतात आणि आमचे गावकरी त्यांना सांगतात, थोडं डावीकडे सरका, उजेड चांगला आहे. आमच्या उत्तरेकडच्या हल शहरात असं नाव असतं तर लोकांनी पाटी उपटून नदीत टाकली असती.

आज फिरत्या वाचनालयाची गाडी आली. ती रोवेना चालवते. मी मधमाशांवरचं पुस्तक सलग चौथ्यांदा घेतलं. ती भाड्याचं घर शोधतेय आणि चर्चशेजारचं रिकामं आहे, म्हणून सहज सुचवलं. हसत सुटली. म्हणाली, “पाकिटावर हा पत्ता लिहायचा? आई हसून हसून मरेल.”

म्हणजे उघड आहे. अडचण माझ्यात नाही, गावाच्या नावात आहे.

३ जुलै
गावाचं नाव बदलायचं. कुंपण त्यानंतर.

११ जुलै
नवी नावं एक्केचाळीस काढली. प्रॉसरबाईंनी कसलासा सरकारी फॉर्म भरायला दिला होता, त्याची पाठ कोरी होती, कामी आली. यादी दुपारीच संपली असती, पण मध्येच मधमाशा कशा नाचतात ते वाचायला घेतलं. पुस्तक खरंच चांगलं आहे.

शेवटी एक नाव ठरलं: रोवनफर्ड. रोवन हे एक झाड असतं. गावात ते एकही नाही. लावू. रोवेनाशी साम्य हा निव्वळ योगायोग.

१९ जुलै, शुक्रवार
प्रचाराला आरंभ. पहिलं घर टिबेटसाहेबांचं. हे ग्रामसभेचे अध्यक्ष, निवृत्त बस इन्स्पेक्टर, अजूनही माणसाकडे तिकीट मागितल्यासारखं बघतात. मी अर्धा तास बोललो. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, “फारच रंजक.” मग म्हणाले, कल्पना धाडसी आहे. दारापर्यंत सोडायला आले.

अध्यक्षच फुटला. इतक्या लवकर होईल असं वाटलं नव्हतं.

२६ जुलै
एकोणीस घरं झाली. एकोणीस कप चहा, चौदा तुकडे केक. एकानेही नाही म्हटलं नाही. “यावर नक्की विचार करायला हवा” असं नऊ जण म्हणाले. “तुमचं अगदी चुकतंय असं मी म्हणणार नाही,” असं दोघी बहिणी एका सुरात. पाच जण म्हणाले, कधीतरी जेवायला या. तारीख सांगायची राहिली, वयोमानाने होतं.

वहीत सगळ्यांपुढे बरोबरची खूण. विरोधक: शून्य. इतकं सोपं काम आजवर कुणी हाती कसं घेतलं नाही?

३० जुलै, मंगळवार
रोवेनाला सांगितलं, तुझ्या पत्त्याची सोय करतोय. म्हणाली, “डेन्झिल, माझ्या पत्त्याचं तुला काय पडलंय?” आणि शिक्का चुकून स्वतःच्या बोटावर मारला. भारावली असणार.

प्रॉसरबाईंनी कुंपणाची आठवण केली. त्यांची मेंढी रस्त्यावर गेली होती. एवढ्या मोठ्या कामात माणसाला मेंढ्यांचं सांगायचं म्हणजे कमाल आहे.

१५ ऑगस्ट, गुरुवार
आज ग्रामसभा. ऐतिहासिक.

विषय चौथा होता. आधीचे तीन: बाकाचा रंग, कबरस्तानातलं गवत, पुन्हा बाकाचा रंग. मग मी उभा राहिलो. चाळीस मिनिटं बोललो. त्यातली पंधरा मधमाशांवर गेली, पण मुद्द्याला धरून. टिबेटसाहेबांनी नियम वाचून दाखवला: दहा जणांनी मागणी केली तर गावभर मतदान घ्यावंच लागतं. हात वर करा. तेव्हा पबमधली प्रश्नमंजूषा सुरू व्हायला सात मिनिटं उरली होती.

चौदा हात वर. काही तर धावत्या बसला करावा तसे.

मतदान ५ सप्टेंबर. उद्या रोवनची रोपं कुठे मिळतात त्याची चौकशी.

२७ ऑगस्ट, मंगळवार
रोवेना म्हणाली, घराबद्दल मालकिणीशी बोलणं चाललंय, महिन्याभरात कळेल. कशावर अडलंय ते तिने सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. मला माहीत आहे कशावर अडलंय.

हिशेब पक्का करून ठेवला. एकशे तीस मतदार. आपली एकशे पंचवीस. पाच सोडून देऊ, फार मोठा विजय उद्धटपणाचा दिसतो.

५ सप्टेंबर, गुरुवार, सकाळ
मतदान दुपारी चार ते रात्री नऊ. चारच्या ठोक्याला समाजमंदिराच्या दारात उभं राहायचं. शर्ट धुतला.

६ सप्टेंबर, शुक्रवार
काल जाताना वाटेत एक जण छप्पर गवताने शाकारत होता. पाच मिनिटं बघतो म्हणून थांबलो. त्याने वर बोलावलं, पेंढी कशी ठोकायची ते शिकवलं. हे काम मला जमतं, तोच म्हणाला. म्हणजे, “याहून वाईट पाहिलंय” असं म्हणाला. समाजमंदिरात पोचलो तेव्हा नऊला दहा कमी. माझं नाव मतदारयादीत नव्हतं. प्रॉसरबाईंनी दिलेला तो फॉर्म त्याचाच होता म्हणे.

निकाल.
नाव बदलण्याच्या बाजूने: ०.
विरोधात: १२९.

सात जणांनी विरोधातल्या फुलीशेजारी बारीक अक्षरात ‘माफ करा’ असं लिहिलं होतं. टिबेटसाहेबांनी ती मतं वैध धरली. मग माझ्याजवळ येऊन म्हणाले की भाषण अविस्मरणीय होतं.

दुपारी
पबवाल्या लेनला जाब विचारला. त्यानेही मला केक खिलवला होता. तो ग्लास पुसत म्हणाला, “लेका, तू कुठल्या देशात वाढलास?” मी म्हटलं, हलमध्ये. तिथे नाही म्हणायचं असेल तर माणूस नाही म्हणतो. त्याला माझी दया आली.

मग त्याने समजावलं. “फारच रंजक म्हणजे गप्प बस. धाडसी म्हणजे डोकं ठिकाणावर आहे का तुझं? विचार करायला हवा म्हणजे दार कुठे आहे ते बघ. आणि कधीतरी जेवायला या म्हणजे आयुष्यात येऊ नकोस.”

पुढे काहीतरी अपवाद सांगत होता, दिवस आणि वेळ यांबद्दल, पण तेवढ्यात बाहेर एक घोडा सुटला, ते बघायला गेलो. महत्त्वाचं ते कळलं. या लोकांची किल्ली सापडली. आता मला कुणी फसवू शकणार नाही.

१० सप्टेंबर, मंगळवार
प्रॉसरबाई म्हणाल्या, “बाळा, हिवाळाभर राहा की. कॅराव्हॅन रिकामीच असते.” दोन महिन्यांपूर्वी मी विश्वास ठेवला असता. किल्ली लावून पाहिली: चालता हो.

मग वाचनालयाची गाडी. रोवेनाने चर्चशेजारचं घर घेतलं. कालच करार केला. भाड्यावर अडलं होतं, नावावर नाही. म्हणाली, नावामुळेच तर ते घर हवं होतं. तिच्या आईने ते पाकिटावर लिहिता यावं म्हणून आत्ताच तीन पत्रं पाठवलीत. मी वाचनालयाच्या पायरीवर बसलो. इतकं अपयश एका माणसाच्या वाट्याला येऊ नये.

ती शेजारी येऊन बसली. रोवनफर्डचं तिला पहिल्या दिवसापासून कळलं होतं. म्हणाली, “माझ्यासाठी आजवर कुणी फुलंसुद्धा धड आणली नव्हती. तू गाव बदलायला निघालास.” मग म्हणाली, “रविवारी जेवायला ये. सात वाजता. मटणाचा पाई करते. आणि डेन्झिल, हे मी उगाच म्हणायचं म्हणून म्हणत नाहीये. खरंच ये.”

रात्री नीट विचार केला. साधं ‘जेवायला या’ म्हणजे येऊ नकोस. ही तर दिवस, वेळ, पदार्थ, सगळं सांगून वर ‘खरंच’ म्हणाली. इतक्या तपशिलात जाऊन आजवर कुणी मला नाही म्हटलेलं नाही. अजून दोन महिन्यांपूर्वीचा भोळा डेन्झिल असता तर शर्ट धुऊन दारात जाऊन उभा राहिला असता. त्या बिचारीची केवढी पंचाईत झाली असती.

१४ सप्टेंबर, शनिवार
सामान बांधलं. कुणाला सांगितलं नाही. निरोप घेतला की पुन्हा सगळे राहा म्हणणार, आणि तेवढी नाचक्की आता सोसवायची नाही.

१५ सप्टेंबर, रविवार, संध्याकाळी सात
यॉव्हिल, बसस्थानक. थंड पेस्टी खातोय, म्हणजे इथली तिखटमिठाची करंजी. आत बटाटाच जास्त आहे.

आता तिने घरी सुटकेचा निःश्वास सोडला असेल. एकूण प्रकरण सभ्यपणे मिटवलं याचं समाधान आहे. इंग्रज माणसं मला आता कळायला लागली.