खंडेनवमीच्या तारखेची गिटार

मी, पिराजी कल्लाप्पा सुतार, वय वर्षे सत्तावीस, धंदा गिटारी बनवणे, मूळ राहणार तालुका खानापूर, जिल्हा बेळगाव, हल्ली मुक्काम आनेकल, बेंगळूर, लिहून ठेवतो की माझं डोकं ठिकाणावर आहे, मी प्यालेलो नाही, मला कुणी धाक घातलेला नाही आणि हा कागद माझ्याच हातानं लिहिलेला आहे.

कारण असं की सोमवारी माझ्या नाकाचं ऑपरेशन आहे. आत गाठ आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लाकडाच्या भुश्यानं झाली असेल, नसेलही, काढल्यावर कळेल. भूल दिल्यावर काही बरंवाईट झालं तर तक्रार नाही, अशी आधी सही मागितली. मी तो कागद दोनदा वाचून घेतला. न बघता सही करायची खोड मला एकदा भोवली आहे, ते पुढं येईल. खोलीवर आल्यावर घरमालक रघुनंदनकाकांना म्हटलं, डॉक्टरीणबाईंनी त्यांचा कागद केला, आता मला माझा करायचाय. काकांनी जन्मभर कोर्टात टायपिंग केलं. ते म्हणाले, "अरे, मृत्युपत्र करायला तुझ्याकडं आहे काय?"

मी म्हटलं, "नाव आहे."

काका उठले. आत जाऊन कोरे कागद घेऊन आले.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही, त्यामुळं रद्द करायला काही नाही.

कलम १. घर. गावातल्या घरात माझा जो काही हिस्सा असेल तो आई यल्लव्वा हिला. चुलतभाऊ गिरीराज यानं आमच्या मागच्या भिंतीला लागून शेणाचा खड्डा केला आहे. त्या खड्ड्यावर मी हक्क सांगत नाही. वासासकट त्याला लखलाभ.

कलम २. बँकेत जे आहे ते आईला. पासबुक तिच्याच ट्रंकेत आहे. त्यातून माझं दिवसपाणी थाटात करू नये. तिनं डोळ्यांचं ऑपरेशन करून घ्यावं. माझ्याआधी तिचं व्हायचं होतं.

कलम ३. हत्यारं. बापाचा रंधा, वाकस आणि पटाश्या माझी बहीण महानंदा हिला. भावकी म्हणेल, बाईला हत्यारं कशाला? तर तिचा नवरा नुसता बघत बसला होता तेव्हा शेरडांच्या गोठ्याचं दार तिनं एकटीनं बसवलंय, आणि ते अजून जमिनीला घासत नाही. भावकीतल्या किती जणांची दारं घासतात ते मी इथं लिहीत नाही.

एक अट आहे. खंडेनवमीला ही हत्यारं धुऊन, तेल लावून, हळदकुंकू वाहून पाटावर मांडायची, आणि दसऱ्याच्या सकाळी उतरवेपर्यंत हात लावायचा नाही. आमच्या घरात हे कधी मोडलेलं नाही. एके वर्षी त्या दिवशी आईच्या खाटेचा पाय निखळला. बाप म्हणाला, "आज खाली निज." आई खाली निजली. एके वर्षी त्याच दिवशी शेजारचा म्हातारा गेला. तिरडीचे बांबू तोडायला बाप गेला नाही, दुसऱ्यांनी तोडले. लोकांनी नावं ठेवली. बाप म्हणाला, "वर्षभर राबतात ती. एक दिवस झोपू दे." बाप गेल्यावर मी जिथं जिथं राहिलो तिथं हे पाळलं. इथं बेंगळुरात तो दिवस आयुधपूजेचा. रस्त्यात कोहळे फुटतात, रिक्षांना हार घालतात. मी हत्यारं मांडतो आणि रात्रीच्या बसनं गावी जातो. हे ध्यानात असू द्यावं, पुढच्या कलमांना लागतं.

कलम ४. या कलमात कुणाला काही दिलेलं नाही. रघुनंदनकाका म्हणाले, "मृत्युपत्रात असं नसतं लिहायचं." मी म्हटलं, "काका, माझी जमीन नाही, म्हणून कागदात जागा शिल्लक आहे."

माझ्या पायाला भिंगरी. हुबळीत पलंग केले, गोव्यात होड्यांना फळ्या मारल्या, पुण्यात दुकानांचं फर्निचर केलं, कुठं वर्ष टिकलो नाही. मग व्हाइटफील्डला एका फ्लॅटमध्ये किचनची कपाटं बसवत होतो. तिथल्या मालकाला गिटार द्यायला विश्वेश्वर अण्णा आले. अण्णांचं घराणं मराठी, पण शेकडो वर्षं बेंगळुरात, त्यामुळं बोलणं निम्मं कन्नड. आनेकलला त्यांचं शेड. आजोबांच्या नावावरून त्यांच्या गिटारींना 'मालोजी' म्हणतात. मी बोटाच्या पेरानं एक प्लाय ठोकून बाजूला ठेवला, तो त्यांनी बघितला.

"काय ऐकलास रे?"

"आतून सुटलाय. पावसाळ्यात फुगणार."

"येतोस माझ्याकडं?"

एवढीच मुलाखत. लाकूड तासायला मला येत होतं. ऐकायला अण्णांनी शिकवलं. फळी दोन बोटांत लोंबती धरायची, ठोकायचं, आवाज कुठं मरतो ते बघायचं, तिथं नखभर तासायचं. डेंग्यू झाला तेव्हा त्यांच्या घरून रागीची आंबील यायची, आणि ती घेऊन स्वतः अण्णा यायचे. हेही खरं आहे म्हणून लिहितो. मी तिथं सहा वर्षं टिकलो. आई लोकांना सांगायची, भिंगरी थांबली.

गिटार वाजवणारे लोकही मला तिथंच कळले. घ्यायच्या आधी ते बनवणाऱ्याची अशी चौकशी करतात, जशी स्थळाची करतात. घर कसं, कर्ज आहे का, हात कसा, आधीची कुठं दिली, ती नीट नांदते का. फोनवर त्यांचा ग्रुप आहे. अण्णांनी व्हाइटफील्डला शोरूम काढलं तेव्हा ग्रुपवर लगेच, एवढा पैसा आला कुठून? गिटार मिळायला वर्षभर थांबावं लागतं म्हणून कौतुक करणारेच मग म्हणायला लागले, आगाऊ पैसे घेऊन बसलाय, बुडणार. एकानं तर लिहिलं, आत्ताच घेऊन ठेवा, कंपनी बंद पडली की भाव चढेल. आम्ही इकडं रंधा मारतोय आणि तिकडं आमच्या तेराव्याचा हिशोब.

गिटारीच्या भोकातून दिसेल अशी आत एक चिठ्ठी चिकटवतात. वर 'मालोजी', खाली कारागिराची सही आणि तारीख. ती सही माझी असावी असं अण्णांनीच ठरवलं. छापील कागदावर माझं नाव पहिल्यांदा आलं ते तिथं. पॉलिशवाल्या चंदननं फोटो काढून आईला पाठवला. तिला वाचता येत नाही, पण फोन सगळ्या गल्लीत फिरला. पुढं एकदा अण्णा कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठाच घेऊन आले. म्हणाले, "पॉलिशच्या हातानं रोज सही करतोस, डाग पडतोय रे. स्वल्प बसून सगळ्या करून टाक." मी एका बैठकीत सगळ्या केल्या. तारखेची जागा मोकळी.

कलम ५. माझी स्वतःची गिटार. फणसाच्या लाकडाची आहे, फळी गावच्या जुन्या देव्हाऱ्याची. ती हेब्बाळच्या सौम्या मॅडमना. त्या लहान मुलांना गिटार शिकवतात. मी एकट्यानं केलेली पहिली गिटार त्यांनीच घेतली. पाऊस लागला की यायच्या आणि म्हणायच्या, "पिराजी, तुझी लेक रुसली रे." मी तारा उतरवून तिला दोन दिवस शेडमध्ये ठेवून घ्यायचो.

अट अशी की ही गिटार वाजवावी. विकायचीच झाली तर 'मेलेल्या कारागिराची शेवटची' असं सांगून विकू नये. तसला भाव मला नको.

आणखी एक, मॅडम. ग्रुपवर सगळे माझ्यावर तुटून पडले तेव्हा तुम्ही एकट्यांनी माझी बाजू घेतलीत. लिहिलंत, "एखादी बिघडते, बाकीच्या किती चांगल्या आहेत त्याच्या." तुमचा हेतू चांगला. पण न केलेली चूक तुम्ही माफ केलीत, आणि शिव्यांपेक्षा मला ते जास्त लागलं.

कलम ६. माझ्या खोलीतलं गेल्या वर्षीचं भिंतीवरचं कॅलेंडर व्हाइटफील्डचे आशयसाहेब यांना. ऑक्टोबरचं पान फाडू नये.

आशयसाहेब मूळ पुण्याचे, आयटीत. त्यांच्या शब्दावर ग्रुपमधले निम्मे लोक गिटार घेतात. डिसेंबरात ते शेडवर आले आणि गिटारीची पेटी माझ्या कामाच्या बाकावर ठेवली. तारा जिथं अडकवतात ती पट्टी, ब्रिज, मागून उचललेली. पोट फुगलेलं, आठव्या महिन्यातल्या बाईसारखं.

"पिराजी, हे काय आहे यार? मी लोकांना सांगून सांगून तुमच्या गिटारी घ्यायला लावल्या."

मी ठोकून बघितली. ओल्या पुठ्ठ्यासारखा आवाज. म्हटलं, "साहेब, ही माझी नाही."

"सही कोणाची आहे मग?"

मी आत बघितलं. सही माझीच. खाली तारीख, एक ऑक्टोबर. अक्षर अण्णांचं.

"साहेब, त्या दिवशी खंडेनवमी होती. मी हत्याराला हात लावत नाही."

"म्हणजे सुट्टीच्या घाईत उरकलीस?"

तेवढ्यात अण्णा आले. मला वाटलं, सुटलो. म्हटलं, "अण्णा, तुम्ही तरी सांगा ह्यांना." अण्णांनी माझ्याकडं बघितलंच नाही. माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि आशयसाहेबांना म्हणाले, "स्वल्प थांबा सर. पोरगा आहे. नाकाचा त्रास चाललाय, लक्ष नव्हतं त्याचं. मी बदलून देतो." मग मला म्हणाले, "सरी सरी, होतं रे. तू आत जा."

आत जा. सहा वर्षं मी त्या बाकापाशी उभा होतो, आणि मला आत जा.

मी गेलो. आयुष्यातलं एक काही बदलायला मिळालं, तर मी तेवढंच बदलीन. त्या संध्याकाळी आशयसाहेबांनी ग्रुपवर लिहिलं, "मालोजी कंपनी चांगली आहे, बदलून देताहेत. पण त्या पिराजीचा हात गेलाय. सही बघून घ्या." नंतर तसल्या आणखी गिटारी निघाल्या. सगळ्यांत सही माझी आणि तारीख तीच. एका माणसानं एका दिवसात इतक्या गिटारी कशा केल्या, हे एवढ्या शिकलेल्या ग्रुपमध्ये कुणी विचारलं नाही.

चंदनकडून मला खरं कळलं. आयुधपूजेला कोहळा फोडायला तो मागं राहिला होता. पूजा झाली, चुरमुरे वाटले, बाकीचे पांगले, आणि दुपारी टेंपो आला. कुठूनतरी तयार आणलेल्या, बिननावाच्या गिटारी. अण्णांनी शटर निम्मं ओढून चिठ्ठ्या चिकटवल्या आणि ज्या दिवशी चिकटवल्या त्या दिवसाची तारीख घातली. स्वतः सकाळी माझ्या रंध्याला कुंकू लावलं होतं, तरी त्यांच्या लक्षात आलं नाही. मी चंदनला म्हटलं, "मग तेव्हा बोलला का नाहीस?" तो म्हणाला, "बायको बाळंतपणाला आलीय रे."

कलम ७. माझं नाव. हे मी कुणालाही देत नाही.

अण्णांना मी एकट्यात विचारलं. ओरडतील असं वाटलं होतं. ते स्टुलावर बसले आणि शांतपणे म्हणाले, "हे बघ पिराजी. कारागिराचा हात चुकला तर लोक विसरतात. मालोजी बुडतंय असं एकदा कळलं, तर बुकिंगवाले सगळे एकाच दिवशी दारात येतील. मग तू नाही, मी नाही, चंदन नाही. तुझं नाव मोठं कोण केला? मीच ना? मग स्वल्प मी वापरलो तर काय झालं?"

मी म्हटलं, "मागितलं असतं तर?"

"दिला असतास?"

"नाही."

"मग?"

त्याचं उत्तर मला आज सुचलं आहे, ते शेवटी लिहितो.

तर, माझ्या सहीच्या उरलेल्या कोऱ्या चिठ्ठ्या शेडमधून आणून रघुनंदनकाकांसमोर जाळाव्यात. एक ऑक्टोबर तारखेची कुठलीही गिटार माझी नाही. बाकीच्या माझ्या आहेत. त्यात काही खोट निघाली तर ती माझी, ती मी नाकारत नाही. गेल्या पावसाळ्यात केलेल्या दोनतीन गळ्यापाशी जरा जाड राहिल्यात, ते मला माहीत आहे. हे कलम ग्रुपवर जसंच्या तसं टाकावं.

मी वाचलो तरी हे कलम चालू राहील. काका म्हणतात, तसं होत नसतं, मृत्युपत्र माणूस मेल्यावरच चालतं. मग चिठ्ठीवरचा पिराजी सुतार आजच मेला असं धरावं. उरलेल्याचं सोमवारी बघू.

हा कागद पार पाडायचं काम रघुनंदनकाकांनी कबूल केलं आहे. काकांनी सांगितलं की साक्षीला दोघं पुरतात, आणि ज्याला काही मिळतं त्यानं साक्षीला राहू नये. अण्णांना मी काहीच दिलेलं नाही, म्हणून तिसरी जागा त्यांच्यासाठी ठेवली आहे.

अण्णा, चंदन काल रात्री आला आणि म्हणाला, कागद दे. त्याचं पोर पंधरा दिवसांचं आहे. नोकरी जाईल हे त्याला माहीत आहे. आज तो सगळा मजकूर वाचून मगच सही करतोय. तुम्हीही वाचा. तुम्ही विचारलंत ना, मग? तर हे. माझं नाव तुम्ही माझ्या माघारी घातलंत. तुमचं मी तसं घालणार नाही. जागा मोकळी ठेवलीय. तारीख मात्र मी घालून ठेवली आहे.

मुक्काम आनेकल. दिनांक १२ फेब्रुवारी २०२६.

लिहून ठेवणार : पिराजी कल्लाप्पा सुतार (सही)

आम्हा दोघांसमोर पिराजीनं सही केली, आणि त्याच्यासमोर आम्ही केली :

१. चंदन गावडे, पॉलिश कामगार (सही)

२. रघुनंदन हुद्दार, घरमालक (सही)

३. विश्वेश्वर जाधव, 'मालोजी' गिटारीचे मालक ........................
दिनांक १ ऑक्टोबर, खंडेनवमी