नखाएवढ्या चकत्या

दि. ३ फेब्रुवारी

चि. सौ. चिमणीस, अनेक आशीर्वाद.

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. प्रयोगशाळेत आम्हा सगळ्यांची तोंडं पडलेली आहेत. सशाचं एक मूत्रपिंड टिकवून ठेवायला आम्ही गोठवत होतो. आत बर्फ झाला तर मांस फाटतं, म्हणून आधी एक द्रव मुरवायचा आणि मग इतकं गार करायचं, की बर्फ न होता सरळ काच व्हावी. झालीही, नितळ! मी साहेबांना हाक मारायला वळले आणि मागे टक्क आवाज झाला. या टोकापासून त्या टोकापर्यंत तडा. साहेब म्हणाले, हल्ली फुटलेली मोजायचं त्यांनी सोडून दिलंय. मी जाऊन चहा प्यायले.

आई सांगत होती, तू वाळलीस. नवऱ्याच्या हातचं जेवून का? दोन ओळी खरडायला काय जातं तुझं?

माझा लोभ आहेच, तुझा पत्रातून दिसू दे.

तुझी,
ताई

दि. ११ फेब्रुवारी

ती. ताईस, सा. न. वि. वि.

फोनवर मी रडेन आणि तू ओरडशील, म्हणून लिहितेय. मानेतली गाठ तपासली. कर्करोग आहे. बरा होईल, असं डॉक्टरीणबाई ठामपणे म्हणतात. पण औषधं जहाल आहेत, पुढे मूल होण्याची आशा बहुधा राहणार नाही. म्हणून आधी अंडाशयाचा तुकडा काढून गोठवायचा आणि मी बरी झाले की परत बसवायचा, असं त्यांनी सुचवलं. पद्धत विचारली तर तुझीच, काच करून ठेवायची! मी पर्समधून तुझं पत्र काढून त्यांना वाचून दाखवलं आणि नको सांगून घरी आले. पोटाला चीर द्यायची, आणि शेवटी टक्क.

हा म्हणतो, त्याला फक्त मी हवी. म्हणतो खरा, आणि शेजारच्यांचं बाळ कडेवर घेऊन हिंडत असतो.

आईला यातलं काही बोलू नकोस. लोभ आहे तसाच असू दे, कीव नको.

तुझी,
चिमणी

दि. १५ फेब्रुवारी

चि. सौ. चिमणीस, आशीर्वाद नंतर, आधी बोलणी खा.

तुझं पत्र वाचून मी जिन्यात बसून रडले आणि मग रागाने लाल झाले. अगं शहाणे, ससा कुठे, तू कुठे! मूत्रपिंड जाडजूड असतं. बाहेरची बाजू आधी गार होऊन आकसते, आतली मागे राहते. लहानपणी एका पांघरुणात झोपताना तू तिकडून ओढायचीस, मी इकडून, आणि मधली शिवण उसवायची, तसंच हे. तुझ्या त्या तुकड्याच्या नखाएवढ्या, पातळ चकत्या करतात. त्या आतबाहेर जवळजवळ एकदमच गार होतात. एकटीनेच पांघरूण घेतलं तर ओढणार कोण? परत ऊब देतानाही तेच.

तुमच्या रुग्णालयात गोठवण्याचं काम करणाऱ्या बाईंना फोन करून मी त्यांचं डोकं खाल्लं. त्यांचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे, हे लिहिताना माझा जीव जातोय.

मूल होईलच, असं मी लिहून देणार नाही. कुणीच देणार नाही. तुला नको असेल तर खुशाल नको म्हण, पण माझ्या सशापायी म्हणू नकोस. उद्याच जाऊन डॉक्टरीणबाईंना भेट. शनिवारी मी येते, आईला मी सांभाळते.

लोभ-बिभ प्रत्यक्ष भेटीत.

तुझी,
ताई

दि. २४ फेब्रुवारी

ती. ताईस, सा. न. वि. वि.

टाके दुखतात, हसलं की जास्त. म्हणून आईला तुझे किस्से सांगायला बंदी केली आहे. चकत्या गोठवून झाल्या. त्या बाई स्वतः येऊन सांगून गेल्या, की एकीलाही तडा नाही. तुला ताबडतोब कळवायला सांगितलंय, नाहीतर तू पुन्हा फोन करशील अशी त्यांना धास्ती आहे. उद्यापासून औषधं सुरू. भीती वाटते, खोटं कशाला बोलू.

तू गेलीस त्या संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी विचारलं, की मी राहिले नाही तर चकत्यांचं काय करायचं. हा उठून खिडकीशी जाऊन उभा राहिला. मी म्हटलं, माझ्या ताईच्या प्रयोगशाळेला द्या, तिला अभ्यासाला होतील. पण ताई, त्यांच्यावर डोळा ठेवू नकोस. मला त्या हव्या आहेत.

सध्या तुझा लोभ जरा जास्तच लागेल.

तुझी,
चिमणी