तांबीचं पहिलं वेत

अनसिंग, जि. वाशिम
दि. १३ फेब्रुवारी २०२५

आयु. मंजुषाबाई,

तुले देवमनचा जयभीम. तुह्या आईबाबाले अन् भावाले बी आमचा जयभीम सांगजो.

इकडं थंडी ओसरली. दुपारी ऊन आता टोचते. हरभरा सोंगणीवर आला आहे, यंदा घाटे बरे भरले. तुह्या सासूचं गुडघं तसंच आहे, पायऱ्या चढताना भिंत धरते. विहाराले रंग देणं चालू आहे. आतून पांढरा झाला, बाहेरच्या निळ्यावरून मंडळात दोन तट पडले अन् काम मधातच थांबलं.

तू म्हणशील, फोन असताना बाबानं कागद कायले काळा केला. फोनवर तुही सासू बाजूले बसून असते, अन् मले एका दमात सारं बोलता येत नाही. हे पत्र अल्ताफजवळ देऊन राह्यलो. तो ढेपेच्या गाडीसंगं उद्या मालेगावले येते. तुह्याच हाती दे, दुसऱ्याच्या नको, असं त्याले बजावलं आहे.

तुह्या भावाचा फोन येऊन गेला. रविवारी तुले घेऊन येतो म्हणे. तवापासून तुह्या सासूनं घर डोक्यावर घेतलं आहे. गोधड्या धुतल्या, तुह्या खोलीतला बल्ब बदलून घेतला, मले दोनदा विचारलं का मंजूले आंबाडीची भाजी आवडते का मेथीची. इतक्या वर्षांत तिनं मले माह्या आवडीचं कधी विचारलं नाही.

तू दर फोनले पहिले तांबीचं विचारते. तुही सासू सांगते का बरी आहे, खाते-पेते, दिवस भरले आहेत पण अजून जनली नाही. तू म्हणते, तांबी जनाच्या वक्ताले मी तिच्यापाशी येते. लोकाले हे खूळ वाटलं. गायीसाठी येते, नवऱ्यासाठी नाही, असं बी बोलले. मले कधी खूळ वाटलं नाही. मी त्यावरच आस धरून होतो.

बाई, मले आधी मागचं लिहू दे.

तू दवाखान्यातून रिकाम्या हातानं घरी आली, त्याच हप्त्यात मोरी गाय जनली होती. तुले गायीच्या कोठ्यात जाऊ देऊ नका, तिच्या मनाले लागीन, असं बायाचं म्हणणं होतं. मी कोणाले न विचारता तांबीचा गोळा तुह्या पदराजवळ आणून ठेवला, कावून का मोरीच्या सडाले सूज होती अन् पिल्लाले बाटलीशिवाय गती नव्हती. तू बाटली घेतली. ते लाल वासरू तुह्या मागं आंगणभर फिरत होतं, तुही सासू वैतागून म्हणे का आता हे चुलीपाशी बी येते. पण तू त्या दिवसापासून जेवाले लागली.

मंग तू माह्यासंगं सांडं पाहाले लागली. मी सारी उमर एकच गोष्ट धरून चाललो. गायीले सांडाच्या बीजाची कांडी भरायच्या आधी दूध विचारायचं नाही, त्या सांडाचं वासरू कसं येते ते विचारायचं. आपोआप आलं, का दोरीनं ओढावं लागलं? बापाचं हाड पोटातल्या पिल्लाले येते, अन् मायचा दरवाजा आहे तितकाच राह्यते. आपलं गावरान रक्त, बांधा लहान. पहिलारू कालवडीले जर्सीचीच कांडी, वासरू हरणासारखं येते. एकदोन वेत झाले, कंबर रुंदावली, का मंग मोठ्या सांडाचा विचार करा. आपण दोघं लग्नाकार्यात बी पाहुण्याले हेच पुसत होतो. तू तर नवरीच्या मामाले जेवताना विचारलं होतं का तुमची गाय कितीक वेळ बसली जनाले. तो घास हातात धरून पाहतच राह्यला.

तुह्या नवऱ्याचं, रवीचं बी मी समजून घेतो. दुधाची गाडी लिटरावर घेते. शेजारच्या काळ्यापांढऱ्या गायीचे डबे भरताना तो रोज पाहे. जर्सीच्या कालवडी दूध कमी देतात, हे खरंच आहे. एकदा दम धरून चांगल्या सांडाची कालवड झाली का पुढची दहा वर्षं पाहा लागत नाही, असं त्याचं गणित. गणितात चूक नव्हती. पण ते तांबीच्या कंबरेवर मांडायचं नव्हतं.

चैत्रात आपण दोघं मालेगावले तुह्या चुलत बहिणीच्या लग्नात होतो, तवाच तांबी माजावर आली. कांड्या भरणाऱ्या उदयसिंगनं टाकी उघडून रवीले विचारलं होतं का पहिलारू आहे, जर्सी भरू का. रवीनं एचएफची, त्या काळ्यापांढऱ्या जातीची मागितली, त्यातही सगळ्यात मोठ्या सांडाची. हे मले उदयसिंगनंच नंतर सांगतलं. तो बिचारा, मालक म्हणते ते भरते.

पाऊस लागायच्या बेतात उदयसिंगनं हात घालून गाभण सांगतली. तू त्याले विचारलं, आता काही करता येते का. तो म्हणे, एक इंजेक्शन आहे, अजून दिवस थोडे आहेत, गाभ सुटून जाईन. पुढच्या माजाले दुसरी भरू. तू रवीकडं पाहिलं. मी तिथंच बादलीपाशी होतो. तुनं त्याले हात जोडले नाहीत, रडली नाही, फक्त म्हणली का हिले सोडवा.

रवी म्हणाला, "जनावर आहे ते. आपलं दुःख त्याच्यात मिसळू नको."

तू बादली धुतली अन् आत गेली. पोळा झाला, बैलांचे रंग धुवून निघाले नव्हते तवा तू पिशवी भरली. सारे म्हणतात, एका सांडावरून घर मोडलं. मले ठाऊक आहे का सांडावरून नाही मोडलं. तुह्या वक्ताले बी दवाखान्यात ऑपरेशनच्या कागदावर सही करायच्या वेळी रवी म्हणत होता का थोडं थांबून पाहू, आपोआप होईन. त्याले भेव वाटत होतं, दुसरं काही नाही. पण ते दोन्ही थांबणं तुह्या मनात एकाले एक लागून बसलं. ते बोलून जुळत नव्हतं.

आता लिहितो. लिहायचंच आहे.

तांबी मागच्या सोमवारी जनाले बसली. सकाळी पाण्याची मोट फुटली. पुढचे दोन पाय दिसले अन् मी ते खूर पाहून समजलो. तुही मूठ त्याहून लहान असीन. तिनं कळा दिल्या, उठली, फिरली, पुन्हा बसली. तोंडाचा शेंडा आला, जीभ बाहेर, पण कपाळ कंबरेच्या हाडात अडकलं. रवीनं मोटारसायकल काढली, उदयसिंगले आणलं. त्यानं हात घातला अन् मान हालवली. मंग वाशिमहून मोठे डॉक्टर आले. दोऱ्या बांधल्या, तेल लावलं. एकीकडून रवी, एकीकडून उदयसिंग, अन् तुही सासू तिच्या तोंडाशी बसून कपाळ चोळत होती. दुपार कलल्यावर आलं. काळापांढरा गोऱ्हा. इतका मोठा का उदयसिंग म्हणे, महिन्याभराचा वाटते. श्वास नव्हता. डॉक्टरानं उलटा धरून पाह्यला, नाकात काडी घातली. नव्हताच.

तांबी वाचली होती, बाई. तिनं मान वळवून त्या गोऱ्ह्याले चाटलं बी. आम्ही उचलून नेला तवा हंबरली. पण मागचे पाय तिचे राह्यले नव्हते. हाडाच्या आतली नस दबली, डॉक्टर म्हणे, काहीचे उठतात, काहीचे नाही. वाट पाहा.

आमी वाट पाहिली. सोयाबीन मळल्यावरच्या कुटाराची जाड गादी केली. एका कुशीवर राह्यली का कातडं सडते, म्हणून दिवसातून घडीघडीनं तिले फिरवलं. बल्ल्या लावून, पोत्याचा झोळा करून उभी केली, तर पुढचे पाय टेकवे अन् मागचे पाय ओल्या कापडासारखे लोंबत. खाणं चांगलं होतं पहिले. मक्याचा चारा हातातून ओढून घेई. त्या खाण्यानंच आमाले फसवलं. मंग खाणं कमी झालं. मंग पाणी बी तोंडाशी नेलं त नुसतं नाक बुडवे.

ती परवा सकाळी गेली. ऊन कोठ्यात आलं होतं. जेसीबी बोलावून शेताच्या धुऱ्यावरच्या निंबाखाली पुरली, गोऱ्हा पहिलेच तिथं होता.

तुही सासू तुले फोनवर खोटं बोलली. तिच्यावर राग धरू नको. पहिले तिले वाटलं तांबी उठीन, मंग सांगू. मंग वाटलं का रविवार होऊन जाऊ दे. काल माह्यं अन् तिचं यावरून वाजलं. ती म्हणे, एकदा उंबरठ्याच्या आत आली का राहीन, रडीन चार दिवस, पण राहीन. लेकरू मेलं तवा राह्यली होती ना. मी म्हणलो, तवा राह्यली म्हणूनच आता फसवता येत नाही. ती पदरात तोंड घालून बसली. आज सकाळी उठून पुन्हा तिनं तुह्यासाठी मुगाच्या वड्या घातल्या. तिले हे पत्र माहीत नाही.

रवीले माहीत आहे. त्याचं काही लपवून तुही बाजू घेतो असं नको म्हणून लिहितो. ते सारे दिवस तो शेतात गेला नाही. तिले फिरवाले दोन माणसं लागत, तो एकटाच खांदा लावून फिरवे. तिच्या पाठीवरच्या फोडाले हळद-तेल लावे. जेसीबीवाला माती लोटून राह्यला होता तवा तो खड्ड्याच्या कडंले उभा होता अन् ड्रायव्हरले म्हणे का हळू टाक. इतकंच.

आज मी ओसरीवर लिहाले बसलो त तो आला. कोणाले लिहिता म्हणे. मी सांगतलं. तो कागदाकडं पाहत उभा राह्यला. मले वाटलं, माह्यासाठी दोन ओळी टाका म्हणीन, माफी मागा म्हणीन. मी पेन धरूनच होतो.

तो म्हणे, "खरं लिहा, बाबा."

अन् चप्पल घालून निघून गेला. मले तवा पोरगा माहा वाटला, अन् हे बी समजलं का त्यानं तुही आस सोडली.

मोरी म्हातारी झाली. ती अन् तिच्या जोडीची खिल्लार गाय मी तुह्या सासूच्या भावाले देऊन टाकतो, तो चांगलं पाहीन. कोठ्यात आता कुटार ठेवू. उदयसिंग काल सांगाले आला का नवीन जर्सीच्या कांड्या आल्या, वासरं लहान येतात, तुमी म्हणता तशाच. मी त्याले चहा पाजला अन् वापस पाठवला. चांगला सांड कोणता ते मले अजूनही सांगता येईन. पण भरायची कोणाले?

बाई, तू तांबीसाठी येत होती. ती नाही. म्हणून मी कालपासून दुसरं कारण शोधून राह्यलो, जे लिहून तुले बोलावता येईन. तुही सासू आहे, पण सासूसाठी कोणी जन्म काढत नाही. मी आहे, मी किती दिवसांचा. रवी आहे, अन् त्याच्याबद्दल मी जे लिहिलं त्याच्यापुढं मले काही जोडता येत नाही. तो वाईट नाही. वाईट नसणं पुरते का, हे तुले माहीत, मले नाही.

तुह्या भावाले सांगजो, रविवारी गाडीची तसदी घेऊ नको. तुले त्याउपर यावंसं वाटलंच त दार आहे, पण मी वाट पाहतो असं लिहिणार नाही. ते लिहिलं त तू ओझ्यानं येशील. तू आली नाही त या घरातून तुले कोणी बोल लावणार नाही, तेवढं मी जितंजागतं असेपर्यंत पाहतो. तुह्या सासूले मी रविवारच्या आधी सांगतो. कसं सांगतो ते पाहू.

तू शिकलेली आहे. अंगणवाडीच्या जागेचं तुह्या बाबानं मागं काढलं होतं, ते पाहा. जेवत जा. कोणी नवीन घर पाहत असतील त नाही म्हणू नको. हे सासऱ्यानं लिहायचं नसते, मी लिहून राह्यलो.

आपल्या घरी सुखात राहा, बाई. मी मालेगावलेच तुहं घर म्हणून राह्यलो.

तुहा
देवमन